गाडीसाठी उचललेला भंडारा

पहाटे चारला नाथाजीचा दिवस सुरू व्हायचा. फौज सोडून बरीच वर्षं झाली होती, पण अंग त्याच वेळेला उठायचं. शालूबाई कूस बदलायची, तो कंदील घेऊन बाहेर पडायचा आणि कुंडलच्या शिवारातून मालकांच्या, लालासाहेबांच्या मळ्यावर जायचा. तिथं पोचला की आधी तीन दगडांवर पाणी तापत ठेवायचं. माणसासाठी नाही, गाडीसाठी.

थंडीत रेडिएटरात कोमट पाणी पडल्याशिवाय ती हँडल फिरवू द्यायची नाही. संध्याकाळी पाणी काढून टाकायचं, सकाळी घालायचं. पट्टी पुसून तेल बघायचं. मग पुढून हँडल घालून फिरवायचं. हे काम दिसतं तसं नाही. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा लागतो. मुठीवरून पलीकडं गेला आणि इंजिनानं उलटा झटका दिला, तर मनगट गेलं. नाथाजीचं कधी गेलं नाही. दुसऱ्या कुणाचं जाण्याचा प्रश्न नव्हता, कारण त्या हँडलाला दुसऱ्या कुणाचा हातच लागत नव्हता.

गाडी विलायती. लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची. जुन्या मालकानं शर्यतीसाठी म्हणून तिला दोन कार्बोरेटर बसवून घेतले होते. संस्थानं गेली तेव्हा एका राजघराण्यानं ती विकायला काढली आणि लालासाहेबांनी घेतली. तेव्हा ते तरुण होते, उसाला पैसा होता. साताऱ्याला निघाले की वाटेतल्या सगळ्या मोटारी मागं पडत. पुढं नाथाजी फौजेतून आला. लढाईच्या वेळचे ट्रक त्यानं चालवले होते आणि त्यांचं इंजिन ह्याच जातीचं होतं. लालासाहेबांनी किल्ली त्याच्या हातात दिली, ती कायमची.

आता चौऱ्याहत्तर साल लागलं होतं. पेट्रोलचा भाव भडकला होता. लालासाहेबांचे गुडघे धरले होते आणि गाडी मिसिंग मारत होती, एखादा सिलिंडर मधेच चुकायचा. चढाला लागली की तेलाच्या दाबाचा काटा खाली यायचा. मागून निळा धूर निघायचा.

कारभार थोरल्या मुलाकडं, बाळासोकडं गेला होता. त्याला जीप पाहिजे होती. जीपमध्ये खताची पोती बसतात, माणसं बसतात, ती स्वतःला चालवता येते. त्याचं बोलणं वाकडं नव्हतं. हिशेबाचं होतं.

पौषात लालासाहेबांच्या लेकीचा, विजयमालाचा, मेढ्याहून निरोप आला. तिच्या मुलीचा साखरपुडा माघात ठरला होता. लालासाहेब म्हणाले, "मी माज्या गाडीनं जाणार."

बाळासो सोप्यात उभा होता. नाथाजी पायरीपाशी. बाळासो म्हणाला, "जावा की. जाऊन माघारी आली तर ऱ्हाऊ दे दारात. वाटंत बसली तर तिथनंच भंगारात. आन गाडी न्हाई तर मग ड्रायव्हर तरी कशाला पायजे?"

हे नाथाजीच्या देखत बोलला. लालासाहेब पानाच्या डब्यात सुपारी शोधत राहिले.

नाथाजीला वाटणीला आलेलं रान एवढंसं होतं आणि ते भावाकडं होतं. ट्रकवाले त्या वयाचा माणूस घेत नसत. गावात त्याला नाथाजी ड्रायव्हर म्हणत. ते पुढचं नाव काढलं तर मागं काय उरतं, हे त्याला ठाऊक होतं.

मेकॅनिक शोधणं त्याला नवं नव्हतं. दोन वर्षं तो तेच करत होता. सांगलीच्या एका मिस्त्रीकडं कार्बोरेटर साफ करायला दिले. दोन दिले, दोन माघारी आले, पण त्यातला एक कुठल्या तरी जीपचा होता.

नाथाजी म्हणाला, "ह्यो आमचा न्हाई."

"मग कुणाचा? तुमच्या बापाचं नाव कोरलं हुतं व्हय त्याच्यावर?"

मिरजेच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडायला लावलं, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि वाकायच्या आधीच असा आकडा सांगितला की नाथाजीनं बॉनेट स्वतःच लावून घेतलं. कऱ्हाडच्या मिस्त्रीला गाडी आवडली. त्यानं तिच्याभोवती फेरी मारली.

"हिच्यात ट्रॅक्टरचं इंजिन बसवतो. डिझेलवर पळंल."

"मग गाडी ऱ्हाईली कुठं?"

"वरनं दिसतीया की तशीच!"

जिथं गाडी थांबली तिथं काहीतरी गेलं. एकानं घड्याळ काढलं, एकानं चाकावरची चकचकीत टोपणं. खर्च मात्र नाथाजीच्या पगारातून जायचा. बाळासोला सांगायची सोय नव्हती. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे त्याच्या हातात आयतं कोलीत. शालूबाई चुलीपुढं बसून म्हणायची, "मला सवत आणली आसती तर तिनं निदान भाकरी तरी थापल्या आसत्या."

तात्याबाचा पत्ता एका ट्रकच्या क्लीनरनं सांगितला. विट्याच्या रस्त्याला, बाभळीखाली पत्र्याचं छप्पर. तात्याबाचं घर जतच्या पलीकडचं, मेंढरं राखणारं. दुष्काळात मेंढरं गेली, भाऊ खडी फोडायच्या कामावर गेले. हा त्याच्या आधीच ट्रकवर क्लीनर म्हणून बाहेर पडला होता आणि हळूहळू मिस्त्री झाला होता. छपराच्या कोपऱ्यात बिरोबाचा टाक, त्याच्यापुढं भंडाऱ्याची पिशवी. तेलकट जागेत तेवढा कोपरा सारवलेला.

त्यानं गाडी चालू ठेवायला लावली. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तो एकेक सिलिंडर ऐकत गेला. बराच वेळ ऐकत होता. मग हात पुसून म्हणाला, "मला ही गाडी येत न्हाई."

नाथाजी चिडला. "मग येवडा येळ मान कशाला घातलीस आत?"

"येत न्हाई म्हणून. येत आसती तर लगीच काडली आसती."

दोन वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. नाथाजी तिथंच टायरवर टेकला. त्यानं मजुरी विचारली. तात्याबानं सांगितलेली मजुरी ट्रकच्या कामाएवढीच होती. नाथाजीला वाटलं, माणूस मिळाला. आणि वाटलं म्हणूनच भीती वाटली. सांगलीचा मिस्त्रीसुद्धा पहिल्या दिवशी गोड बोलला होता.

"गड्या, मला लय चटकं बसल्यात," तो म्हणाला. "तुज्या बिरोबाचा भंडारा उचल आन बोल."

तात्याबाला राग आला नाही. त्याच्या लोकांत हे चालतच होतं. मेंढरं चोरीला गेली, बांध सरकला, तर भंडारा हातात घेऊन माणूस खरं सांगतो आणि तिथं भांडण मिटतं. त्यानं हात धुतले, टाकापुढं बसला.

"काय बोलू?"

नाथाजीनं शब्द सांगितले. फौजेत हुकूम देतात तसे, कुठं फट न ठेवता. "ह्या गाडीतली एकबी वस्तू मी बदलणार न्हाई. हिची वस्तू भाईर जाऊ देणार न्हाई, भाईरची आत घालणार न्हाई."

तात्याबाची मूठ हवेतच थांबली. "आवं फौजी, येवडं घट्ट बांधू नका. कामात ढिलं लागतंय कायबाय. चोरणार न्हाई येवडं म्हणतो की."

"चोरणार न्हाई सगळीच म्हणत्यात. मी सांगितलंय तसंच बोल."

तात्याबा बोलला. सगळं, एकही शब्द न गाळता. मग कपाळाला भंडारा लावला, नाथाजीच्याही लावला.

त्यानंतर त्यानं जे काम केलं ते बघण्यासारखं होतं. नाथाजी गाडीचं रोजचं काम नसल्यानं दिवसा ऊसतोडीच्या गाड्यांवर देखरेखीला असायचा. दिवस कलला की सायकल मारत विट्याच्या रस्त्याला यायचा. मळ्यावर त्यानं गाडी साखरपुड्यासाठी पॉलिशला दिलीय एवढंच सांगितलं होतं. तात्याबानं इंजिन साखळीनं उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवलं होतं. काढलेला प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकासमोर, पोत्यावर मांडलेला. सोळा व्हॉल्व्ह त्यानं हातानं घासले. लाकडी काडीला रबराची टोपी, खाली पेस्ट, आणि दोन तळहातांमध्ये काडी फिरवत राहायचं. रवी फिरवतात तशी, पण सारख्या दाबानं. दाब कमीजास्त झाला की बैठक वाकडी. तळहात सोलून निघतात. तात्याबानं तळहातांना चिंध्या गुंडाळल्या आणि घासत राहिला. तेलाच्या वाटा सायकलच्या तारेनं कोरल्या. जीपच्या कार्बोरेटरालाही त्यानं दुसऱ्याच्या जोडीनं श्वास घ्यायला लावला. रबराची नळी एकदा ह्याच्या तोंडाशी, एकदा त्याच्या तोंडाशी धरून, कानानं ऐकून. असं काम पगारावरच्या माणसाकडून होत नाही. ते ज्याचं त्यालाच करावंसं वाटावं लागतं.

एके दिवशी नाथाजी पोचला तर तात्याबा काम थांबवून बसला होता. पुढ्यात तेलाचा पंप उघडा पडला होता.

"ह्याची चाकं झिजल्यात बघा. काटा ह्यानं पडतोय. बाकी सगळं मी करीन, पर तेल वर चढलं न्हाई तर काय उपेग?"

मग त्यानं पत्र्याच्या डब्यातून दुसरा पंप काढला. लढाईतल्या जुन्या ट्रकचा, भंगारात मिळालेला. नाथाजीनं हातात घेतला आणि ओळखला. असले पंप त्यानं फौजेत पाहिले होते. तंतोतंत बसला असता.

"मग बसीव की!"

तात्याबानं कोपऱ्यातल्या टाकाकडं मान केली.

"आरं मीच सांगितलं हुतं न्हवं? आता मीच सांगतोय, बदल."

"तुमच्या सांगण्यानं सुटत न्हाई, फौजी. भंडारा मूळ ठाण्याचा हाय. ठाण्यावर जायाला पायजे, दोघांनी. तुमी देवाला सांगायचं, मी घातलेलं बंधन मीच काडतो. मग म्होरच्या घटकंला बसवतो पंप."

"न्हाई गेलो तर?"

"तर जुनाच बसंल." त्यात ताठा नव्हता. पाऊस नाही म्हटल्यासारखं त्यानं सांगितलं. "मला बायका-पोरं हाईत."

नाथाजी त्याच्यावर ओरडला. ज्या गोष्टीसाठी हा माणूस निवडला, तीच आडवी आली होती. तिला नावं कुठल्या तोंडानं ठेवणार?

बिरोबाचं मूळ देऊळ, म्हणजे ठाणं, जतच्या पलीकडं. एस.टी.नं जायचं, शेवटी चालायचं, मुक्काम करून यायचं. नाथाजीनं बाळासोकडं रजा मागितली. कारखान्याचा हंगाम जोरात होता, उसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या.

"कशाला पायजे रजा?"

"देवाला जायाचं हाय."

बाळासो हसला. "ऊस तुटून पडलाय आन ह्यो निघाला देवाला! जा. पर मग तिकडंच ऱ्हा."

खरं कारण सांगितलं असतं तर? ते त्याच्या ओठावर आलं होतं. पण मग गाडी उघडून पडलीय, पंप गेलाय, हे सांगावं लागलं असतं. बाळासोनं त्याच दिवशी भंगारवाला आणला असता. लालासाहेबांना सांगायलाही तो गेला. ते शाल पांघरून उन्हात बसले होते. त्यांनी विचारलं, "व्हईल का रं आपली गाडी?" नाथाजी म्हणाला, "व्हईल, मालक." आणि माघारी फिरला.

मग तो सांगलीला गेला. त्याच मिस्त्रीकडं, ज्यानं कार्बोरेटर बदलला होता. पंप दाखवला, म्हणाला, तुमी येऊन बसवा. मिस्त्री तोंडातली तंबाखू थुंकून म्हणाला, "आता आलं व्हय आमच्या दारात? इंजिन हितं आणून टाका. शिमग्यानंतर बघू." साखरपुडा त्याच्या आधी होता.

स्वतः बसवावा असंही त्याच्या मनात आलं. पण त्या कामाला साखळी, कप्पी आणि ओंडके लागत, आणि ते तात्याबाच्या छपरातच होते. "माज्या छपराखाली बदलला म्हंजे म्याच बदलला," तात्याबा म्हणाला. नाथाजी ठाण्यावर यायचं म्हणेल म्हणून त्यानं शेवटपर्यंत वाट बघितली. मग झिजलेला पंप धुऊन, पुसून जिथला तिथं बसवला आणि इंजिन जुळवून परत गाडीत घातलं.

गाडी सुरू झाली तेव्हा बाभळीवरचे कावळे उडाले नाहीत, इतका आवाज मऊ होता. तात्याबा चाकापाशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "सपाटीला लय ग्वाड पळंल. चढाला जपा. काटा पडला की थांबा, गार हू द्या. हट्ट करू नका."

"न्हाई करणार," नाथाजी म्हणाला.

साखरपुड्याच्या दिवशी लालासाहेबांनी फेटा बांधला आणि पुढच्या सीटवर बसले. बायकामाणसं आणि बाळासो भाड्याच्या जीपमध्ये मागून. कऱ्हाडपर्यंत गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. उंब्रजच्या पुढं लालासाहेबांनी काच खाली केली. एक एस.टी. समोर होती. ते नाथाजीकडं बघून हसले. नाथाजीनं एस.टी. मागं टाकली. लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं.

साताऱ्यात जीप पुढं गेली. मेढ्याच्या रस्त्याला चढ लागला आणि काटा हलला. आधी थोडा. मग खाली सरकत गेला.

"मालक, जरा थांबाय लागंल. गार करू."

"आता थांबू नगंस. म्होरं जीप उभी आसंल, बाळासो बघंल. चढ सपला की थांब."

चढाचा माथा दिसत होता. वळण आणि वळणापुढं आभाळ. नाथाजीनं थांबायला पाय उचललासुद्धा होता. पण थांबलेली गाडी बाळासोनं बघितली की सगळं संपलं, हे त्यालाही कळत होतं. मालकाचा शब्द आणि स्वतःची भीती एकाच बाजूला ओढत होती. त्यानं पाय परत खाली ठेवला.

आधी ठकठक आली. फौजेत काम केलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. त्यानं क्लच दाबला, पण तोवर आतून घण घातल्यासारखा दणका बसला आणि गाडीखालून तेल रस्त्यावर सांडलं. रॉड तुटून इंजिनाच्या कुशीतून बाहेर आला होता. आता तात्याबा सोडा, कुणीच काही करू शकत नव्हतं.

लालासाहेब दार उघडून उतरले. "नाथाजी," ते म्हणाले, "तुज्यावर सोपवली हुती रं."

चढ संपेपर्यंत थांबू नको असं कुणी सांगितलं होतं, हे नाथाजीनं बोलून दाखवलं नाही.

जीप माघारी आली. बाळासो रागावला नाही. त्यानं वडिलांना हात धरून जीपमध्ये बसवलं. एवढंच म्हणाला, "नाथाजी, तू हितंच गाडीजवळ थांब. उद्या भंगारवाल्याला धाडतो." जीप साखरपुड्याला गेली.

भंगारवाल्यानं गाडी बैल लावून साताऱ्याला ओढत नेली आणि आवारातच तोडली. दारं एकीकडं, चाकं एकीकडं. कार्बोरेटर कुणीतरी लगेच उचलले. नाथाजीनं ते उभं राहून बघितलं. मग तो कुंडलला आला, बाळासोनं त्याचा पगार चुकता केला आणि शालूबाईनं तो डब्यात ठेवला.

नाथाजी काम शोधत हिंडला. पण इंजिन फोडलेला ड्रायव्हर म्हणून त्याची कीर्ती त्याच्या आधी पोचायची. एका गूळ-अडत्यानं तोंडावर सांगितलं, "तुमच्या हातात टरक दिऊ आन मी घाटात बसू व्हय?" शेवटी तो लालासाहेबांच्या मळ्याच्या शेजारच्याच मळ्यात ऊस तोडायला लागला. वाकून तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. त्या वयात हे काम अंगावर येतं. तो तक्रार करत नसे. त्याच्याशी बोलायला कुणी थांबतही नसे.

तात्याबा एक दिवस त्याला शोधत फडात आला. वाळला होता. छपरात काम बंद ठेवलं होतं.

"फौजी, गाडी तुटली म्हणत्यात. वस्तू भाईर गेल्या सगळ्या."

"मग त्यात तुजा काय दोष?"

"भाईर जाऊ देणार न्हाई म्हणून मी बोललोय. कुणी न्हेल्या हे देव इचारीत न्हाई. धाकटी तापानं फणफणलीया. बायकू म्हणती, तुजाच भंडारा हाय ह्यो. पाना हातात धरवत न्हाई मला. तुमी बांधलंय, तुमीच सोडवा."

नाथाजीनं कोयता उसाच्या बुडात रोवला. ह्या माणसानं सांगितलेल्या शब्दापलीकडं तसूभर पाय टाकला नव्हता. त्याला धरून बांधलं ते नाथाजीनं. आणि बांधल्याचा उपयोग कुणालाच झाला नाही.

तो घरी आला. शालूबाईनं डबा काढून दिला. ह्या वेळी ती सवतीचं बोलली नाही. म्हणाली, "ह्या पैशाचं दाणं भरायचं हुतं."

"व्हय," नाथाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं एस.टी.नं निघाले. जतच्या पुढं उतरून उन्हातून चालत ठाण्यावर गेले. रानात सगळीकडं धसकटं. नाथाजीनं वाटेतल्या वाडीवर देवाला द्यायला एक बकरं घेतलं. देवळापुढं भंडारा हातात घेऊन त्यानं स्वतःच घातलेले शब्द एकेक करून उलटे बोलून काढले. तात्याबा शेजारी डोळे मिटून बसला होता. शब्द संपले तसे त्याचे खांदे खाली आले.

गाडीच्या नोकरीतला शेवटचा पगार त्या बकऱ्यात आणि येण्याजाण्याच्या तिकिटांत गेला.